दहा महिने ई-सायकल: उद्यानाच्या फाटकावर आणि आतल्या वाटेवर

गेल्या दिवाळीत पाडव्याला घेतलेल्या ई-सायकलला आता दहा महिने झाले असून तिच्या मीटरवर २,१०० किलोमीटरचा आकडा दिसतो. नेरूळहून सीबीडी बेलापूरला कार्यालयात जाणे-येणे आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी उद्यानांतल्या वाटांवर फेरफटका, असा मी तिचा दुहेरी वापर केला. रस्त्यावरच्या वापराबद्दल माझी फारशी तक्रार नाही. उद्यानातल्या वापराबद्दल मात्र माझे मत या काळात पुष्कळ बदलले, आणि नवी ई-सायकल घेऊ पाहणाऱ्यांना दुकानात ही बाजू कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी सायकलीविषयी थोडक्यात. मागच्या चाकात २५० वॅटच्या आतली मोटर, ३६ व्होल्ट आणि ७.५ अँपिअर-तासांची बॅटरी, वजन २३ किलो. एका पूर्ण चार्जिंगला घरची साधारण एक तृतीयांश युनिट वीज लागते. कंपनीने ४० किलोमीटर सांगितले होते. मला मोटरच्या साहाय्याच्या दुसऱ्या पातळीवर २८ मिळतात आणि पारसिक हिलचा चढ घेतला तर २० च्या आसपास. माझे वय ५२ आहे आणि दोन्ही गुडघ्यांची झीज सुरू झाली आहे. साध्या सायकलवर तो चढ मला कधीच जमला नसता, हे मी मनापासून सांगते. त्यामुळे पुढे जे लिहिणार आहे ते ई-सायकलच्या विरोधात आहे, असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

सायकल घेताना दुकानदाराने सांगितले होते, "लायसन्स नको, पासिंग नको, कुठेही चालवा." यातले पहिले दोन मुद्दे खरे आहेत, तिसरा नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या नियम २ मध्ये बॅटरीवर चालणाऱ्या कोणत्या दुचाकीला मोटार वाहन मानायचे नाही, याच्या अटी दिलेल्या आहेत. मोटरची तीस मिनिटांची शक्ती, म्हणजे ती सलग अर्धा तास देऊ शकते ती शक्ती, ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी हवी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंच्या आत हवे. पेडलला साहाय्य करणारी मोटर असेल तर वेग वाढत जाईल तशी तिची शक्ती कमी होत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा चालवणाऱ्याने पेडल मारणे थांबवताच, ती बंद पडली पाहिजे. शिवाय पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक हवा. या अटी पाळणाऱ्या वाहनाला नोंदणी आणि परवाना लागत नाही. पण नोंदणी लागत नाही म्हणून महापालिकेच्या उद्यानात शिरण्याचा हक्क मिळतो, असे मुळीच नाही. उद्यानात काय न्यायचे आणि काय नाही, हे उद्यान ज्यांच्या ताब्यात आहे ते ठरवतात, आणि ते साध्या सायकललाही मनाई करू शकतात. हा फरक मला चार महिन्यांनी, एका फाटकावर अडवले गेल्यावर समजला.

त्या उद्यानाच्या फलकावर "वाहनांस प्रवेश बंद" एवढेच लिहिलेले होते. आदल्या रविवारी मला कोणी हटकले नव्हते. त्या दिवशी दुसरे सुरक्षारक्षक होते आणि ते म्हणाले, "मॅडम, बॅटरीची गाडी आत चालत नाही. काल सोडली असेल, मी नाही सोडणार." मी थोडा वाद घातला, माझ्याकडे पेडल आहेत हे दाखवले, आणि परत फिरले. घरी येऊन शांतपणे विचार केल्यावर मला त्यांची अडचण कळली. डिलिव्हरी करणारी मुले नंबरप्लेट नसलेल्या ज्या कमी वेगाच्या स्कूटर चालवतात, त्यांतल्या नियमात बसणाऱ्या स्कूटर आणि माझी पेडल मारायची सायकल कायद्याने एकाच खणात ठेवलेल्या आहेत. दोन्हींना नंबर नाही, दोन्हींना मोटर आहे. फाटकावर उभ्या असलेल्या माणसाने कशाच्या आधारे एकीला सोडावे आणि दुसरीला अडवावे? फलक त्याला काहीच सांगत नाही. मग जो रक्षक असेल त्याच्या मर्जीवर सगळे चालते, आणि रोज नव्याने वाद होतो.

तरीही त्या रक्षकांची बाजू मला खऱ्या अर्थाने पटली ती फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, दुसऱ्या एका उद्यानात, जिथे सायकलींना सकाळी मुभा होती. मेंदीच्या कुंपणाला वळसा घेताना मी पेडल थांबवले होते. वळण संपताच पुन्हा पाय फिरवला, अर्धा फेरा होईपर्यंत काहीच झाले नाही, आणि मग मोटरने एकदम पुढे ढकलले. समोर काठी टेकत एक आजी चालल्या होत्या. मी ब्रेक दाबला, पण हँडलचे टोक त्यांच्या काठीला लागले आणि काठी हातातून निसटून फरशीवर पडली. त्या पडल्या नाहीत, बाकाचा कठडा धरून उभ्या राहिल्या. मी सायकल तिथेच आडवी टाकून त्यांना बाकावर बसवले, पाणी दिले. त्यांचा हात बराच वेळ थरथरत होता. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "अगं बाई, आवाज तरी करायचास."

त्या एका वाक्यात दोन गोष्टी आल्या. ई-सायकल जवळजवळ निःशब्द येते. पाठमोऱ्या माणसाला ती जवळ येईपर्यंत कळत नाही. आणि दुसरी गोष्ट मोटरच्या रचनेची. माझ्या सायकलला पेडलच्या आसाजवळ चुंबकांची एक चकती आहे आणि तिच्यासमोरचा सेन्सर फक्त पेडल फिरते आहे की नाही एवढेच ओळखतो. पायाचा जोर किती आहे, हे त्याला कळत नाही. म्हणून मोटर पेडल फिरू लागल्यावर थोडी उशिरा सुरू होते, पेडल थांबल्यावरही क्षणभर चालू राहते, आणि सुरू होते तेव्हा निवडलेल्या पातळीइतकी पूर्ण शक्ती देते. मोकळ्या रस्त्यावर हे जाणवतही नाही. चार पावलांवर माणसे असलेल्या वाटेवर मात्र ते धोक्याचे आहे. जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असलेली सायकल मी नंतर मैत्रिणीकडची चालवून पाहिली. तिच्यात पायाने हलके दाबले की मोटरही हलकेच साथ देते. तिची किंमत बरीच जास्त आहे, हेही खरे.

वेगाचा हिशेब मी तेव्हापासून मनात पक्का ठेवला आहे. ताशी २५ किलोमीटरला सायकल एका सेकंदात सुमारे सात मीटर जाते. संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर कोरड्या फरशीवर थांबायला एकूण १४ मीटरच्या आसपास लागतात. ताशी १२ किलोमीटरला हेच अंतर पाच मीटरवर येते. कायद्याची २५ ची मर्यादा रस्त्यासाठी ठीक असेल, पण अडीच-तीन मीटर रुंद वाटेवर, जिथे लहान मूल चेंडूमागे कधीही धावू शकते, तिथे ती फार जास्त आहे, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. पावसाळ्यात तर पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरते आणि मोटरचा धक्का मागच्या चाकाला बसला की ते सरकते. जुलैत दोनदा तसे झाल्यावर मी ऑगस्टअखेरपर्यंत आत गेलेच नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नवा असला तरी इतरत्र त्यावर बराच विचार झालेला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने २०१५ च्या कायद्यात ई-सायकलींचे तीन वर्ग केले: पेडल मारले तरच ताशी ३२ किलोमीटरपर्यंत साहाय्य करणारी, पेडल न मारता हँडलवरच्या थ्रॉटलनेही तेवढ्या वेगापर्यंत जाणारी, आणि पेडलसह ताशी ४५ किलोमीटरपर्यंत साहाय्य करणारी. त्यांच्या वेगमर्यादा आपल्याहून जास्त आहेत, त्या आपण घ्याव्यात असे मी म्हणत नाही. मला आवडली ती दुसरी गोष्ट. वर्ग, वेग आणि मोटरची शक्ती सायकलवरच्या पट्टीवर लिहिलेली असावी लागते, म्हणजे पाहणाऱ्याला वाद न घालता कळते. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांच्या २०२० च्या नियमात कोणत्या वाटेवर ई-सायकल न्यायची हे त्या-त्या उद्यानाच्या अधीक्षकावर सोपवले आहे, आणि मोटारींना मज्जाव असलेल्या वाटेवर पेडल न मारता नुसत्या मोटरवर लांबपर्यंत जाण्यास मनाई आहे. वाट कशी आहे ते पाहून निर्णय घेणे मला फार रास्त वाटते. तलावाभोवतीचा अरुंद जॉगिंग ट्रॅक आणि उद्यानाच्या कडेचा रुंद अंतर्गत रस्ता यांना एकच नियम लावण्यात काही अर्थ नाही.

आमच्या सोसायटीतल्या सहा जणांनी मिळून एक अर्ज तयार केला आहे. त्यात मागणी साधी आहे: फलकावर सायकल, पेडलची ई-सायकल आणि थ्रॉटलवर चालणारे वाहन यांचा वेगवेगळा उल्लेख असावा, परवानगीच्या वेळा आणि ताशी १२ किलोमीटरची मर्यादा लिहावी, आणि चालणाऱ्यांच्या अरुंद ट्रॅकवर कोणत्याच सायकलला सोडू नये. शेवटच्या मागणीवर आमच्यातच मतभेद झाले. मी ती आग्रहाने ठेवायला लावली.

तोपर्यंत मी स्वतःपुरते असे करते की फाटकातून आत शिरण्यापूर्वीच साहाय्याची पातळी शून्यावर आणते आणि पायांनी चालवते. २३ किलोंची सायकल सपाट वाटेवर माझ्या गुडघ्यांनाही झेपते. चालणाऱ्यांच्या दहा मीटर आधी घंटी वाजवते, आणि झोपाळ्यांपाशी उतरून ढकलत नेते. रक्षक नको म्हणाले तर फाटकाबाहेर कुलूप लावून आत पायी जाते.

ज्यांना उद्यानाच्या वाटेवर चालवण्यासाठी ई-सायकल घ्यायची आहे, त्यांनी दुकानात रंग आणि किलोमीटर विचारण्याआधी सायकल स्टँडवर उभी करावी, पहिली पातळी लावावी आणि हाताने पेडल सावकाश फिरवून पाहावे. किती फेऱ्यानंतर मागचे चाक स्वतःहून फिरू लागते, पेडल सोडल्यावर किती वेळ फिरत राहते, आणि ब्रेकची दांडी जराशी ओढताच मोटर बंद होते की नाही, हे तीन मिनिटांत कळते. माझ्या सायकलची ही तपासणी मी पाडव्याला केली नव्हती.