निरीबरोबर आठ महिने: खिडक्या आता आकसत नाहीत

लिनक्सवर पडद्यावरच्या खिडक्या आपोआप मांडून देणारे प्रोग्राम असतात. त्यांपैकी आधी आयथ्री आणि मग स्वे यांवर बरीच वर्षं काढल्यावर आठ महिन्यांपूर्वी मी निरी या तशाच प्रोग्रामवर आलो. दोन खिडक्या शेजारी असताना तिसरी उघडली की आधीच्या दोन्ही आकसतात, याला मी कंटाळलो होतो. कोड वाचताना मधेच टर्मिनल उघडलं की ओळी दुमडायच्या आणि नजर कुठे होती ते पुन्हा शोधावं लागायचं. निरीत खिडक्या एका लांबलचक आडव्या पट्टीवर कॉलम म्हणून बसतात. नवी खिडकी चालू कॉलमच्या उजवीकडे येते, बाकीच्यांची रुंदी जशीच्या तशी राहते, आणि जे मावत नाही ते पडद्याबाहेर सरकतं. ही कल्पना नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या पेपरडब्ल्यूएम एक्स्टेन्शनवरून घेतलेली. निरी मात्र रस्ट या भाषेत लिहिलेला स्वतंत्र वेलँड कंपोझिटर आहे, म्हणजे लिनक्सच्या वेलँड या नव्या पद्धतीत खिडक्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम.

पहिले तीन आठवडे मी जुन्याच सवयीने चाललो: वर्कस्पेस (खिडक्यांचा वेगळा संच असलेला पडदा) एकवर ब्राउझर, दोनवर एडिटर, तीनवर चॅट. पण इथे वर्कस्पेस एकाखाली एक असतात आणि रिकामी झालेली वर्कस्पेस नाहीशी होते. एडिटर बंद करून दुसरीकडे गेलो की चॅट तीनवरून दोनवर यायचं, आणि सुपर (विंडोज-चिन्हाचं बटण) आणि तीन एकत्र दाबल्यावर समोर कोरा पडदा. कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, चॅटच्या वर्कस्पेसला नाव दिलं, विंडो-रूल (ठरावीक खिडक्यांसाठीचा नियम) लिहून ते ॲप तिथेच उघडायला लावलं आणि बटणही नावालाच बांधलं, तेव्हा घडी बसली. नाव दिलेली वर्कस्पेस रिकामी असली तरी टिकते. बाकी आकड्यांचा नाद मी सोडला. एका कामाची एक पट्टी एवढंच धोरण ठेवलं.

सगळ्यात जास्त वेळ रुंदीवर गेला, आणि तो सार्थकी लागला. सुपर-आर दाबत गेलं की कॉलम एक तृतीयांश, अर्धा, दोन तृतीयांश असा बदलतो. मी विंडो-रूलने टर्मिनल एक तृतीयांश आणि एडिटर दोन तृतीयांश ठेवलाय. दोन्ही मिळून पडदा बरोबर भरतो. फोकसचा, म्हणजे ज्यात काम चालू आहे तो, कॉलम नेहमी मधोमध आणणारी सेटिंगही काही दिवस लावली, पण प्रत्येक हालचालीला मजकूर सरकायचा. आता तिथे ‘ऑन-ओव्हरफ्लो’ आहे: आधीचा आणि आताचा कॉलम एकत्र मावत नसतील तरच तो मध्ये येतो. कॉन्फिग केडीएल या स्वरूपातल्या साध्या मजकूर फाइलमध्ये असतं आणि सेव्ह करताच लागू होतं. चूक झाली तर वर सूचना दिसते आणि जुनी सेटिंग चालू राहते, त्यामुळे प्रयोगाची धास्ती वाटत नाही.

सुपर-स्वल्पविरामने उजवीकडची खिडकी चालू कॉलममध्ये खाली येते. टेस्टच्या टर्मिनलखाली लॉग मी असाच ठेवतो. उंची मात्र इथे वाटली जाते, म्हणजे आकसणं या एका जागी उरलंच आहे. तिसरी खिडकी आली की मी सुपर-डब्ल्यूने तो कॉलम टॅबचा करतो.

कडेबाहेरच्या खिडक्या सुरुवातीला विसरल्या जातात. २५.०५ आवृत्तीत आलेला, वर्कस्पेस आणि खिडक्या लहान करून एकत्र दाखवणारा ओव्हरव्ह्यू (सुपर-ओ) त्यावर उत्तम उतारा आहे. टचपॅडवर तीन बोटांनी पट्टी सरकवणं तर इतकं अंगवळणी पडलंय की दुसऱ्या मशीनवरही हात तसाच फिरतो.

तयार डेस्कटॉप हवा असेल त्यांनी विचार करूनच यावं. बार, नोटिफिकेशन, लॉक हे सगळं आपलं आपण जुळवायचं; माझ्याकडे त्यासाठी अनुक्रमे वेबार, माको आणि स्वेलॉक आहेत. एक्स११ या वेलँडआधीच्या जुन्या पद्धतीच्या ॲपसाठी एक्सवेलँड-सॅटेलाइट हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं. ते इन्स्टॉल असेल तर २५.०८पासून निरी गरजेनुसार स्वतः सुरू करतो. तरी स्वतःच्या खिडक्या ठरावीक जागी मांडू पाहणारी जुनी ॲप त्यात नीट चालत नाहीत, आणि अशा एका ॲपसाठी मी अजून दुसरं सेशन ठेवलंय. उलट पासवर्ड मॅनेजर स्क्रीन-शेअरमध्ये काळा चौकोन दिसावा, ही सोय एका नियमात झाली.

प्रत्येक मॉनिटरची पट्टी वेगळी असते, एकीवरचं दुसरीवर सांडत नाही. रोज संध्याकाळी केबल काढली की बाहेरच्या मॉनिटरवरच्या वर्कस्पेस लॅपटॉपवर येतात. सकाळी केबल लावली की आपापल्या जागी परत जातात, आणि एडिटर आदल्या दिवशी होता तितकाच रुंद असतो.