नॉइजकॅप्चर: गणपतीपासून रंगपंचमीपर्यंत वापरल्यावर

नॉइजकॅप्चर म्हणजे फोनच्या माइकने आजूबाजूचा आवाज मोजणारं ॲप. ते फुकट आहे, त्यामुळे पैसे वाया गेले म्हणायची सोय नाही. पैसे गेले ते फोनच्या माइकमध्ये. फोन भिजला, सर्व्हिस सेंटरने माइक बदलला, आणि नंतर बाल्कनीतून आमच्या नाशिकच्या मुंबई नाक्याची वाहतूक मोजली तर आकडा नेहमीपेक्षा सहा-सात डेसिबल कमी. हायवे एका रात्रीत सुधारला की काय! परत गेलो, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, समोरच्याला आवाज जातोय ना? मग माइक ओके आहे." तीन डेसिबल कमी म्हणजे ध्वनीची ऊर्जा निम्मी, हे त्याच्या गळी उतरवायचा प्रयत्न केला. त्याने पुढचं टोकन पुकारलं. शेवटी मित्राचा तपासलेला ध्वनिमापक शेजारी धरून ॲपच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे आकडा जुळवून घ्यायच्या सोयीत, फरक भरला. तुमच्याकडे तशी सोय नसेल तर आकडे फार मनावर घेऊ नका. आणि स्कूटरवर मोजू नका, माइकमध्ये नुसता वारा भरतो.

आकडे, आलेख, जीपीएसने नकाशावर नोंद, हे सगळं २०१७ पासूनचं आहे, त्यावर लिहीत बसत नाही. मला बोलायचंय त्या पट्टीबद्दल. मोजून झालं की ॲप विचारतं, आवाज किती सुखद वाटला? बोटाने पट्टी सरकवायची. आधी मी ती तशीच सोडून द्यायचो. म्हटलं, हा काय पोरखेळ.

मेन रोडच्या मिरवणुकीने मत बदललं. ढोल-ताशा पथक समोरून गेलं तेव्हा आकडा शंभराला टेकत होता, ताशाची तर्री कानात घुसत होती, आणि बोट आपोआप 'सुखद'कडे. मागून डीजे आला. आकडा त्याहून कमी! पण दुकानांची शटरं थरथरत होती, छातीत धडधड. पट्टी पार दुसऱ्या टोकाला. कारण साधं आहे: डीबी(ए), म्हणजे माणसाच्या कानाच्या हिशोबाने धरलेले डेसिबल, मोजताना खर्जाचा आवाज मुद्दाम कमी धरतात, ६३ हर्ट्झला तर जवळजवळ २६ डेसिबल वजा. शिवाय फोनचा माइक खर्जाला कच्चाच. म्हणजे डीजेचा खरा त्रास आकड्यात उतरतच नाही, आणि कायद्याची निवासी भागाची मर्यादा, दिवसा ५५, रात्री ४५, तीही डीबी(ए) मध्येच.

तेव्हापासून पट्टीशिवाय एकही नोंद नाही. रामकुंडावर संध्याकाळच्या आरतीच्या घंटा: आकडा मोठा, पट्टी सुखद. रात्री अकराला खालच्या गल्लीत एकच बाईक, सायलेन्सर काढलेली: सरासरी किरकोळ, पट्टी तळाला. सौ.चं मत वेगळं. रहाडीजवळच्या (रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद) रंगपंचमीच्या गोंगाटाला मी भरभरून दिलं, तिने माझ्या हातातून फोन घेऊन अर्ध्यावर आणलं. नोंद एकच, कुणाचं धरायचं?

आणि इथेच माझा खरा राग आहे. एवढं विचारून घेता, मग नकाशावर नोंदी दाखवणाऱ्या षटकोनांना रंग देता तो नुसत्या डेसिबलवरून? माझा ताशा आणि तो डीजे, दोघांना एकाच मापाने रंग. आवाजाच्या प्रकाराचा टॅगही दोघांना एकच, म्युझिक! पट्टीवरून रंग द्यायची सोय करा, बाकी काही नको.

चार तारे. पाचवा त्या रंगासाठी राखून ठेवलाय. सर्व्हिस सेंटरला एकही नाही.