कॅमेरा ट्रॅप घेताना मी कसा फसलो
बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीच्या पुढे आमची काजूची बाग आहे. बागेच्या खालच्या अंगाला ओहळ, आणि पलीकडे रान सुरू होतं ते भीमगड अभयारण्यापर्यंत. मे महिन्यात ओहळात एकच डबकं उरतं. तिथल्या चिखलात सकाळी ठसे दिसायचे. भेकर, साळिंदर ओळखू यायचे. एक ठसा मात्र मोठा, गोल, नखं न उमटलेला. गावात कुणी बिबट्या म्हणे, कुणी तरस. तरसाची नखं उमटतात, त्यामुळे मला बिबट्याच वाटत होता. गोठ्यात दोन वासरं, म्हणून खात्री हवी होती.

मोबाईलवर कॅमेरा ट्रॅपची, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची जाहिरात बघून एका विक्रेत्याला फोन केला. "दादा, 48 मेगापिक्सेल आहे. लाईट 940 चा, जनावराला दिसतच नाही. वर 128 जीबीचं कार्ड फुकट." (940 म्हणजे रात्रीच्या फोटोसाठी लागणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये.) 9,500 रुपये यूपीआयनं आधीच पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, "डब्यात टाकतो की." डबा आला, बिल नव्हतं. तेव्हाच शंका यायला हवी होती.

कॅमेरा उंबराच्या खोडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला. माणसाचा वास राहू नये म्हणून तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. कार्ड काढलं तेव्हा दोन हजारांवर फाइली होत्या. पहिल्या पाच रात्रींचे फोटो उघडले. पुढची एकही फाइल उघडेना. खानापुरातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या मुलानं कार्ड तपासलं, तर आत जागा जेमतेम 8 जीबी. अशी कार्डं कॅमेऱ्याला खोटा आकडा सांगतात. खरी जागा संपली तरी फाइलींची नावं चढत राहतात, आत फोटो नसतो. सोळा रात्री डबक्यावर कोण येऊन गेलं ते आता कधीच कळणार नाही, कारण मधेच वळीव पडला आणि ठसेही गेले. पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

जे फोटो मिळाले त्यांत साळिंदराचे काटे मोजता येणं सोडा, अंग कुठं संपतं तेही कळत नाही. सेन्सर बारीक असतो, मधले ठिपके सॉफ्टवेअर भरतं आणि डब्यावर 48 छापतात. एका फोटोत भेकर मान ताठ करून थेट कॅमेऱ्याकडे बघतंय. रात्री समोर उभा राहिलो तेव्हा कारण कळलं: बारीक लाल ठिपके चमकत होते. म्हणजे लाईट 850 चा, ज्याचे लाल ठिपके अंधारात दिसतात. तो वाईट नसतो, उलट त्याचा उजेड लांब जातो, पण मी पैसे 940 चे दिले होते.

विक्रेता आधी "सेटिंग चुकलं असेल" म्हणाला, मग फोन उचलणंच बंद केलं. ग्राहक हेल्पलाईन 1915 वर तक्रार केली, पण हातात बिल नाही.

तुम्ही घेणार असाल तर बिल मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. पहिल्याच रात्री अंधारात कॅमेऱ्यासमोरून आडवे चालत जा. फोटोत नुसती पाठ आली तर कॅमेरा उशिरा टिपतोय. लाल ठिपके दिसतात का तेही तेव्हाच बघा. कार्ड कॉम्प्युटरवर व्हिडिओंनी काठोकाठ भरा आणि शेवटचा व्हिडिओ उघडून बघा, याला आळस करू नका. अभयारण्याच्या हद्दीत लावायचा असेल तर आधी वन खात्याची परवानगी घ्या.

मी आता दुसरा कॅमेरा दुकानातून, बिलासकट, वरचं सगळं तपासून आणलाय. तो परवा त्याच उंबराला बांधला.