ब्रिटिश म्युझियमची इस्लामी दालनं: आधी खापरं पाहा, मग झारी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची ४२ आणि ४३ क्रमांकाची दालनं २०१८ च्या ऑक्टोबरात उघडली. प्रवेश मोफत. मध्ययुगासाठी ४२ क्रमांक पाहावा. पूर्वी हा संग्रह एका टोकाला, ३४ क्रमांकात होता. आता शेजारच्या ४१ मध्ये सटन हूचा, म्हणजे इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन दफनातला, खजिना आहे, त्यामुळे अब्बासी खलिफांचा इराक आणि त्या काळचा युरोप एकाच फेरीत पाहता येतो. ही जागा अगदी योग्य निवडली आहे.

इराकमधली अब्बासी राजधानी सामर्रा आणि इराणी आखातावरचं जुनं बंदर सीराफ, इथल्या खापरांसमोर सर्वांत जास्त वेळ द्या. अखंड भांडं जे लपवतं ते तुटलेली कड दाखवते. नवव्या शतकातल्या इराकी भांड्याची माती पिवळसर असते आणि चिनी मालासारखी पांढरी दिसावी म्हणून तिच्यावर कथिलाची झिलई चढवलेली असते. पुढे इराणात मातीच बदलली. इराणातल्या काशानच्या कुंभार घराण्यातल्या अबुल-कासिमने १३०१ मध्ये कृती लिहून ठेवली आहे: दहा भाग गारेची भुकटी, एक भाग काचेची पूड, एक भाग पांढरी माती. सोनेरी झळाळीच्या लस्टर भांड्यांना शेवटची भाजणी धुरात, कमी आचेवर मिळते. धूर कमी पडला तर चमक येत नाही, जास्त झाला तर रंग काळवंडतो.

सीराफ आपल्यालाही परकं नाही. दहाव्या शतकात अल-मसूदी या अरब प्रवासी-इतिहासकाराला सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला, सीराफ आणि बसऱ्याची माणसं स्थायिक झालेली दिसली.

मग ब्लाका झारीकडे वळा: पितळ, त्यावर चांदी आणि तांब्याचं जडावकाम, साल १२३२. झारीवर कोरलेल्या लेखात शुजा इब्न मना या कारागिराचं नाव आहे आणि घडवण्याचं ठिकाण इराकमधलं मोसूल असं स्पष्ट लिहिलं आहे. एके काळी जडावाचं पितळ दिसलं की अभ्यासक ते मोसूलचं ठरवत. आता ‘मोसूली’ सही करणारे कारागीर दमास्कस आणि कैरोतही काम करत होते हे मान्य झालं आहे, म्हणून ठिकाण सांगणारा हा लेख इतका मोलाचा.

उणीव विस्ताराची आहे. पश्चिम आफ्रिकेपासून आग्नेय आशियापर्यंतचा पसारा दोन दालनांत बसवल्याने प्रत्येक विषयाला थोडीच जागा मिळते, आणि भट्टीच्या तंत्राबद्दल आणखी सांगायला हवं होतं. कापड आणि कागदावरच्या वस्तू उजेडाने खराब होतात म्हणून बदलत राहतात. एखादी ठरावीक वस्तू पाहायची असेल तर निघण्यापूर्वी संकेतस्थळावर ती मांडलेली आहे का ते तपासा. तिथे नोंदणी क्रमांकाने शोधणं सोपं पडतं. झारीचा क्रमांक १८६६,१२२९.६१, तो इंग्रजी आकड्यांत टाका.