इंडिपेंडन्स हॉल, फिलाडेल्फिया: बाबांना घेऊन गेले होते

बाबांनी साताऱ्याला तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं. न्यू जर्सीला आमच्याकडे आले, तेव्हा पहिल्याच शनिवारी त्यांना इथे नेलं.

सभागृह वाटलं होतं त्यापेक्षा लहान आहे. टेबलांवर हिरवं कापड आणि समोर जॉर्ज वॉशिंग्टन बसायचे ती खरीखुरी खुर्ची, पाठीवर अर्धा सूर्य कोरलेला. १७८७ च्या उन्हाळ्यात इथेच गुप्तपणे चर्चा करून अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. १७ सप्टेंबरला ३९ प्रतिनिधींनी सह्या केल्या. माहिती देणाऱ्या रेंजरबाईंनी तडजोडीही सांगितल्या: संसदेत कोणत्या राज्याचे किती प्रतिनिधी हे ठरवताना गुलाम माणसाला तीन-पंचमांश मोजलं गेलं. हे न झाकता सांगितलं, म्हणून मला ही फेरी फार मोलाची वाटली. ‘आम्ही भारताचे लोक’ची आठवण काढत बाबा खुर्चीसमोर कितीतरी वेळ उभे होते.

शेजारचा काँग्रेस हॉल अजिबात चुकवू नका. ४ मार्च १७९७ ला दुसरे राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांचा शपथविधी तिथेच झाला आणि पहिले राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन साधे नागरिक म्हणून बाहेर पडले. बाबांना तीच खोली जास्त आवडली.

तिकीट आधीच ऑनलाइन काढा, सुरक्षा तपासणीसाठी थोडं लवकर पोहोचा. लिबर्टी बेल ही ऐतिहासिक घंटा रस्त्यापलीकडेच आहे, ती बघायला पैसे लागत नाहीत.