बारीक, स्मूदनिंग केलेले केस आणि साडेअठराशे रुपयांचा स्ट्रेटनर : आठ महिन्यांनंतर

माझे केस जन्मापासून बारीक आणि विरळ. वेणी घातली तर रबराला चार वेढे द्यावे लागतात. दोन वर्षांपूर्वी स्मूदनिंग, म्हणजे केमिकलने केस सरळ करून घेतले, त्यानंतर दोनदा रंग लावला. आता हनुवटीपर्यंत मूळचे कुरळे केस आलेत आणि त्याखाली जुने, सरळ, रुक्ष. दोन्हींमधली रेघ लांबूनही दिसते. ती झाकायला आठवड्यातून तीनदा स्ट्रेटनर लागतो. ज्यांचे केस जाड आहेत आणि ज्यांनी कधी केमिकल लावलेलं नाही, त्यांना माझा अनुभव फारसा लागू पडणार नाही, म्हणून हे आधीच सांगितलं.

पहिला स्ट्रेटनर नऊशे रुपयांचा होता. एकच बटण, चालू आणि बंद. खोक्यावर २१० अंश छापलेलं. केस एका फटक्यात सरळ व्हायचे, म्हणून मी खूश होते. तिसऱ्या महिन्यापासून भांगाजवळच्या बटा मधूनच तुटायला लागल्या. टोकांना फाटे फुटणं मला नवीन नव्हतं, हे वेगळं होतं. विंचरलं की बोटभर लांबीचे तुकडे पडायचे आणि त्यांना मूळ नसायचं. म्हणजे केस गळत नव्हते, मोडत होते. पुण्यात वारज्याला आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी येतं, बादलीला पांढरा थर बसतो, त्यामुळे मी सगळा दोष पाण्याला दिला. नळाला फिल्टर लावून दोन महिने वाट पाहिली. मोडणं तसंच.

माझा मामेभाऊ भोसरीच्या एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं तपासतो. एका रविवारी तो थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, घेऊन आला आणि प्लेट्सना लावून बसला. छापलेलं २१०, प्रत्यक्षात मधोमध २२४ आणि कडेला १९५. मी ज्या बटा मधोमध धरायचे, त्याच मोडत होत्या.

मग मी नीट वाचायला घेतलं. कोरड्या केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन, साधारण २२०-२३० अंशांपर्यंत तग धरतं, पण केस ओला असेल तर तीच पडझड १५० च्या आसपास सुरू होते. स्मूदनिंगमध्ये केसातले गंधकाचे बंध आधी तोडतात आणि केस सरळ करून पुन्हा जोडतात. सगळे काही परत जुळत नाहीत. वरचे खवलेही उचललेले राहतात, त्यामुळे असा केस पाणी पटकन पितो. हाताला कोरडा लागतो आणि आत ओलावा उरलेला असतो. त्यावर तापलेली प्लेट बसली की ओलाव्याची वाफ होते, केसाच्या आत बुडबुडे धरतात आणि नेमका तिथेच तो मोडतो. त्यातून केस बारीक असेल तर आरपार तापायला वेळच लागत नाही. आईने हे सगळं ऐकून एवढंच विचारलं, "रेशमी साडीवर सुतीची इस्त्री ठेवतेस का गं तू?"

जानेवारीत तपकीर गल्लीत, विजेच्या वस्तूंच्या बाजारात गेले. हातात दोन हजार. दुकानातल्या काकांनी ओळीने सांगितलं, हे टायटॅनियम, हे टूर्मलीन, हे आर्गन ऑइलवालं. माझी अट एकच होती : तापमान आकड्यात दिसलं पाहिजे आणि ते १४० पर्यंत खाली आलं पाहिजे. एवढ्या अटीवर दहा-बारांतले तीन उरले. त्यातला एक टायटॅनियमचा, तो बाजूला ठेवला. टायटॅनियम उष्णता झपाट्याने देतं, जाड केसांना ते सोयीचं. माझा हात जरा अडखळला तर मला ते परवडणार नव्हतं. उरले दोन सिरॅमिकचे. एकाच्या प्लेट्स मिटून उजेडाकडे धरल्या तर टोकाला फट दिसली. दुसऱ्यात, थंड असतानाच, माझा एक गळालेला केस धरून हळूच ओढला. तो कुठेही न अडकता बाहेर आला. काकांनी न कंटाळता हे सगळं करू दिलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तोच घेतला, १,८५० रुपयांना. इंचभर रुंद प्लेट्स, दाबल्यावर थोड्या हलणाऱ्या. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मॉडेलं सतत बदलतात, पण या खुणा कुठल्याही दुकानात तपासता येतात.

भावाने हाही मोजला. १६० वर लावला तर मधे १६३, कडेला १५५. मला चालतं.

आता मुळाकडच्या कुरळ्या केसांना १६० आणि खालच्या केमिकल झालेल्या केसांना १४०. दोन बोटं रुंदीची पातळ बट घ्यायची, पुढे कंगवा, मागे स्ट्रेटनर, आणि एकदाच, सावकाश. पूर्वी आठ मिनिटांत व्हायचं, आता वीस लागतात. केस आदल्या दिवशी धुते. फिरवताना चर्र आवाज आला की तिथेच थांबते, कारण आत पाणी आहे. डोक्याला खोबरेल असेल त्या दिवशी स्ट्रेटनर अजिबात नाही. आधी सिलिकॉन असलेल्या सीरमचे दोन थेंब लावून ते सुकू देते. त्याने उष्णता सावकाश पोचते आणि प्लेट घसरत जाते, ओढ बसत नाही.

पार्लरमधल्या ताईंना १४० ऐकून नवल वाटलं. त्या स्वतः २३० वर काम करतात. पण ते ट्रीटमेंटचं औषध पक्कं बसवण्यासाठी, एका बैठकीपुरतं आणि सरावलेल्या हाताने. आठवड्यातून तीनदा घरी तेच करणं वेगळं.

मोडलेला केस कशानेही जुळत नाही. मार्चमध्ये दोन इंच कापावेच लागले. पण त्यानंतर कंगव्यात ते बिनमुळाचे तुकडे कमी होत गेले आणि जूनपासून क्वचितच दिसतात. भांगाजवळच्या मोडक्या बटा आता कानापर्यंत आल्या आहेत. रोज सकाळी मी त्या बोटांनी ओढून बघते.

पावसाळ्यात मात्र हा स्ट्रेटनर पुरा पडला नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. उष्णतेने केस सरळ राहतात ते हायड्रोजनच्या नाजूक बंधांवर. दमट हवेतलं पाणी ते बंध सोडवतं, मग तुम्ही १६० वर केलेले असोत की २०० वर. वारज्याहून स्कूटरवर, डोक्याला स्कार्फ, वर हेल्मेट, सदाशिव पेठेतल्या ऑफिसात पोचेपर्यंत मुळं पुन्हा वळलेली. जुलैत एकदा वैतागून १८० केलं, तासाभरात केस होते तसे. तेव्हापासून पावसात फक्त कपाळावरच्या बटा करते, बाकीचे अंबाड्यात.

आता खटकलेलं. दर वेळी चालू केला की तो १८० वरून सुरू होतो, आधीचं तापमान लक्षात ठेवत नाही. अधिक-उणे बटणं नेमकी अंगठ्याखाली येतात. एप्रिलमध्ये माझ्या नकळत आकडा २०० वर गेला आणि मानेजवळची एक बट करपली, त्या वासाने कळलं. आता बटणांवर पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवलाय. पाचव्या महिन्यात मिटवून ठेवायची कडी सैल झाली, तिला रबर लावते. वायर पावणेदोन मीटर, आरशापर्यंत जेमतेम. तासाभराने आपोआप बंद होतो, ते मात्र चोख.

गेल्या महिन्यात एका प्लेटच्या कडेला कोटिंगवर बारीक चरा दिसला. आतलं ॲल्युमिनियम उघडं पडलं की केस तिथे अडकणार, म्हणून दर रविवारी प्लेट्स थंड असताना त्यावरून एक केस ओढून बघते. अजून तरी सरळ निघतो.