जनऔषधीतली सिटाग्लिप्टिन: सासूबाईंना मानवली

मधुमेहासाठी आधीपासूनच्या मेटफॉर्मिन या गोळीच्या जोडीला डॉक्टरांनी आईंना सिटाग्लिप्टिन दिली. जनऔषधी केंद्रात 2022 साली 50 मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या 60 रुपयांना आल्या. पेन्शनवर औषधं घेणाऱ्यांना याचं मोल विचारा!

जेवलं की आतडं जीएलपी-1 हे संप्रेरक सोडतं, ते स्वादुपिंडाला साखर उतरवणारं इन्सुलिन सोडायला लावतं. पण डीपीपी-4 नावाचं एन्झाइम काही मिनिटांतच या जीएलपी-1चा फडशा पाडतं. गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. साखर वाढलेली असेल तेव्हाच तिचा जोर, म्हणून आईंना साखर फार खाली जाऊन घाम फुटणं, हातपाय थरथरणं नाही. भाकरी-पिठल्यानंतरचा आकडा आता आटोक्यात असतो, आमरसाला मात्र ती पुरी पडत नाही. वजनही उतरलं नाही.

मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस कमी लागतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासूनच सुरू करा.